दुखतंय म्हणायची शिकवणी

माझी मुलगी बरी झाली होती, आणि तरीही मी तिला पुन्हा दुखवून घ्यायला नेत होते. हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलंय की आता त्याची धार गेली आहे. तेव्हा होती. ती साडेचार वर्षांची होती, डोक्यावर दुसऱ्यांदा जावळ उगवत होतं, आणि परळच्या फुटपाथवरून माझं बोट धरून ती वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याची चौकशी करत चालली होती.

पोटात, मूत्रपिंडाच्या वर, गाठ होती तिच्या. न्यूरोब्लास्टोमा, त्यातही धोक्याचा प्रकार. केमो झालं, ऑपरेशन झालं, तिच्याच मूळपेशी काढून तिलाच परत दिल्या, रेडिएशन झालं. त्यात दीड वर्ष गेलं. शेवटच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तेव्हा मी डॉक्टरबाईंना पेढे द्यायला गेले. त्यांनी पेढा घेतला, निवांत खाल्ला, आणि म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं." कुठेतरी चार पेशी दडून बसलेल्या असू शकतात. त्या पुन्हा उठू नयेत म्हणून आता अँटीबॉडीचं औषध द्यायचं. महिन्यातून चार दिवस, रोज दहा तास शिरेतून, अशा पाच फेऱ्या. औषध परदेशातून यायचं. ते कसं मिळालं, कोणाकोणाच्या हातापाया पडलो, ती पोथी मी इथे सोडत नाही.

"आणि दुखेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे आधीच सांगते. खूप दुखेल."

शेजारी माझे वडील बसले होते. माझा नवरा माझगावला गोदीत कामाला, तो संध्याकाळी यायचा. दिवसाची ड्युटी माझी आणि माझ्या वडिलांची. बाबांना ऐकू कमी येतं. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, तरुणपणीची सगळी वर्षं काढली त्यांनी. तिथल्या मागांना साचे म्हणायचे. शेकडो साचे एकाच वेळी धडधडायचे, आणि त्यांनी बाबांच्या कानांतलं जे न्यायचं ते नेलं. ते समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकतात. डॉक्टरबाईंच्या ओठांकडेही ते तसेच टक लावून बघत होते आणि त्या जरा अवघडल्या होत्या.

त्यांनी समजावून सांगितलं. कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर एक खूण असते. औषध जाऊन त्या खुणेला चिकटतं, मग शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना कळतं की मारायचं ते हे. पण तीच खूण दुखणं पोचवणाऱ्या नसांवरही असते. औषध तिथेही जाऊन बसतं.

"म्हणजे खडू," बाबा म्हणाले.

गिरणीत कापड तपासणारा माणूस खोट दिसली की तिथे खडूनं खूण करायचा आणि पुढचा माणूस ती बघून आपलं काम करायचा. बाबांनी हे डॉक्टरबाईंना सांगितलं आणि वर विचारलं, "पण चांगल्या कापडावर खडू लागलो तर?"

"तेच, आजोबा. म्हणून दुखतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नस मरत नाही. ओरडते." सोबत मॉर्फिन चालू राहील. मुलगी सांगेल तसा औषधाचा वेग कमी-जास्त करता येईल, त्यामुळे तिनं सांगायला हवं. फारच त्रास झाला तर थांबवावं लागेल.

मी मान डोलावली. बाबांनीही डोलावली. आम्ही दोघांनी एकाच ओठांवरून दोन वेगळी वाक्यं उचलली होती, हे मला पुढे कळलं. मला ऐकू आलं ते, तिनं सांगायला हवं. बाबांना दिसलं ते, थांबवावं लागेल.

आता साचेखात्यातल्या बोलण्याविषयी सांगायला हवं. तिथे आवाज टाकून बोलायची सोयच नव्हती. त्यामुळे विणकर आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलायचे आणि जोडीला हातांच्या खुणा. खांद्यावर दोन बोटं म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय. ओठांपाशी अंगठा म्हणजे चहा. तळहात पालथा करून हळूहळू खाली दाबला की, तू चालू ठेव, मी आहे. मी लहान असताना काळाचौकीच्या आमच्या चाळीत रविवारी बाबा आणि समोरच्या गॅलरीतले त्यांचे सोबती चौकावरून पलीकडे असं बोलत बसायचे. कुणाची सून पळाली, कुणाचा मुलगा नापास झाला, सगळं बिनआवाजी. बायकांना राग यायचा. मी गिरण्यांच्या संपाच्या काळात जन्मलेली; शाळेत जायच्या आधी मला हे बोलणं वाचता यायचं, आणि त्याबद्दल मी धपाटेही खाल्ले आहेत.

बाबांनी हे बोलणं नातीला शिकवलं. ती आजारी असताना, बाहेर खेळायला बंदी होती तेव्हा. त्यांचा कान असा, तिच्या तोंडात फोड आलेले, आवाज काढायला नको वाटायचा. दोघांचं जमून गेलं. घरात तासन् तास चिडीचूप आणि मध्येच दोघं खिदळायची. मी गिरगावातल्या एका छापखान्याची प्रुफं घरी तपासायची. मला तेवढीच शांतता मिळे, त्यामुळे मी त्यात कधी लक्ष घातलं नाही.

पहिली फेरी सुरू झाली तो दिवस मला पाण्याखालून बघितल्यासारखा आठवतो. आमची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीतून दोन टॉवर दिसायचे आणि त्यांच्या मधोमध एक चिमणी, गिरणी पाडली तरी शोभेला ठेवलेली. बाबा खिडकीकडे पाठ करून बसले. औषधाची बाटली उलटी टांगलेली, पंपाचा हिरवा आकडा बदलत राहिलेला, आणि मॉर्फिननं मुलीच्या पापण्या जड झालेल्या. "आई, छतावर कोलंब्या चालतायत," ती म्हणाली. मी वर बघितलं. मला खरंच वाटलं की असतील, का नसाव्यात. दीड वर्षात मी धड झोपले नव्हते. दुपार कधी झाली, ऊन भिंतीवर कधी आलं आणि कधी उतरलं, मला कळलं नाही. सिस्टर येत होत्या, दंडाला पट्टा बांधत होत्या, तापमान बघत होत्या. त्यांच्याकडे सहा चेहऱ्यांचा एक तक्ता होता. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडून लाल झालेला. "कुठला चेहरा, बाळा?" त्या विचारायच्या, आणि माझी मुलगी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची.

"शहाणी गं बाय," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी वेग वाढवला.

नाडी जलद होती, पण तापही होता; तापानं असेल म्हणाल्या. चादर तिनं पायाच्या अंगठ्यानं लोटून दिली. उकडत असेल, मी म्हणाले. तिच्या आत्याला फोनवर मी अभिमानानं सांगितलं की डॉक्टर काहीही सांगतात, आमची मुळीच रडली नाही. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला मी मांडीवर प्रुफं घेऊन बसले होते. आठवीच्या भूगोलाचं गाइड होतं. एक ओळ तीनदा वाचूनही कळेना म्हणून मान वर केली, तर मुलीचे ओठ हलत होते. बिनआवाजी. ती बाबांकडे बघत होती.

किती उरलं, असं म्हणत होती.

बाबांनी चार बोटं दाखवली. चार तास.

तिचे ओठ पुन्हा हलले. मॉर्फिननं ते सैल पडले होते, शब्द ओघळत होते, पण मला वाचता आले. पाय जळतायत, आजोबा. पोट पण. चादर लागते.

बाबांनी तळहात पालथा केला आणि हळूहळू खाली दाबला. तू चालू ठेव, मी आहे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात अगदी स्थिर होता.

कागद खाली पडले ते मी उचलले नाहीत. दोन दिवस, माझ्या डोळ्यांदेखत, माझी मुलगी दुखतंय म्हणून सांगत होती आणि मी भूगोलातल्या वेलांट्या दुरुस्त करत होते. मी घंटा दाबली. सिस्टर आल्या. सांगलीकडच्या होत्या, बोलायला रोखठोक.

"हिला दुखतंय," मी म्हणाले.

"दुखतंय का गं?" त्यांनी तक्ता पुढे केला. मुलीनं माझ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि बोट हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं.

"खरं सांग," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

ती कुजबुजली, "नको. थांबवतील."

"काय थांबवतील?"

"मशीन. मग बंदच पडेल. मग पुन्हा चालू नाही होत."

हे कुठून आलं ते विचारायची गरज नव्हती. मी बाबांकडे वळले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्यांना ऐकू गेलं असेल नसेल, पण तोंड तर दिसत होतंच. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, "चार वर्षांच्या पोरीला तुम्ही कशाला विणकर करताय?"

"मीच सांगलंय तिका," बाबा म्हणाले. त्यांनी नाकारलं नाही, मानही खाली घातली नाही. "दुखता म्हटलास तर थांबवतले, असा डॉक्टरीणबाय बोलली. माका दिसला. एकदा बंद पडला की परत चालू होत नाय गो. तुका काय म्हायत. तू तेव्हा जन्माकय येवक नव्हतंस."

संपाविषयी बाबा घरात कधी बोलत नसत. जे मला ठाऊक आहे ते आईनं सांगितलेलं. त्यांना वाटलं होतं, महिनाभर, फार तर दिवाळीपर्यंत. दुखतंय ते मालकाला मोठ्यानं सांगायचं, साचे थांबवायचे, मागणी मान्य झाली की पुन्हा सुरू करायचे. साचे थांबवले ते त्यांच्याच हातांनी. पुढे काही दिवस पुन्हा कामावर घेतलंही त्यांना, पण ते खातं पूर्वीसारखं कधीच चालू झालं नाही आणि मग गिरणीच गेली. मी आईच्या पोटात होते तेव्हा बाबा भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उचलायला जायचे आणि घरी सांगायचे, युनियनच्या कामाला गेलो होतो. शर्टाला मासळीचा वास यायचा. आईला कळायचं, ती शर्ट धुवायची आणि बोलायची नाही. रात्रीचं जेवण झालंय म्हणून दोघंही एकमेकांना सांगायची. माझ्या आईवडिलांनी एकमेकांपासून लपवून संसार केला आणि सगळी चाळ त्याला चांगला संसार म्हणायची. मीही म्हणायची.

सिस्टरांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अगं, थांबवायलाच तर बटण दिलंय." आणि त्यांनी ते दाबलं.

हिरवा आकडा थांबला. बाबा खुर्चीवरून उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. ते पंपाकडे बघत उभे राहिले, हात अर्धवट पुढे केलेला, आणि त्यांचे ओठ हलत होते पण त्यात शब्द नव्हते. सिस्टरांनी मॉर्फिन वाढवलं, डॉक्टरबाईंना फोन केला, चादरीखाली पोकळी राहावी म्हणून बाजूला दोन उशा रचल्या. मुलीचं आवळलेलं तोंड हळूहळू सुटलं. मग ती रडायला लागली. लहान मुलं रडतात तसं, नाक वाहून, अगदी साधं.

अर्ध्या तासानं सिस्टर परत आल्या आणि त्यांनी पंप सुरू केला. वेग निम्मा ठेवला.

"चालू झाला?" बाबांनी विचारलं.

"झाला ना."

"तोच?"

"तोच, आजोबा. अजून दहादा थांबवीन आणि दहादा चालू करीन. माझं कामच ते आहे."

बाबा खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, चालू झाला ना गो, आणि मग आणखी एकदा. त्या दिवशी औषध संपायला फार उशीर झाला, पण पूर्ण संपलं.

पाचही फेऱ्या पुऱ्या झाल्या. आज ती चौथीत आहे, तपासण्या आजवर स्वच्छ आहेत. आजवर हा शब्द मी मुद्दाम घालते. या आजारानं मला पेढे जपून वाटायला शिकवलं. पण त्या फेऱ्या सोप्या गेल्या असं कुणी समजू नये. शिकवलेलं विसरायला लावणं शिकवण्याहून कठीण. दुसऱ्या फेरीत ती दुखतंय म्हणायची आणि लगेच बाबांकडे चोरून बघायची, चुकलं तर नाही ना म्हणून. बाबांनी घरी तिची शिकवणी घेतली. गादीवर बसवायचे, पायाला हळूच चिमटा काढायचे आणि म्हणायचे, "बोंब मार." ती बिनआवाजी बोंब मारायची. "माका ऐकाक येवक होयी," बाबा म्हणायचे. बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल असं ओरडणं हा तिचा गृहपाठ झाला. शेजारच्या काकू दोनदा दार वाजवून गेल्या.

तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच दिवशी, दुपारी, वेग वाढवल्यावर थोड्या वेळानं ती ओरडली. "दुखतंय. दुखतंय. पोटात दुखतंय." वॉर्डातली सगळी माणसं दारांतून डोकावली असतील. मी उठायच्या आत बाबा उठले होते. त्यांनी घंटा दाबली आणि दाबूनच धरली, सिस्टर धावत आत येईपर्यंत. मला त्या ओरडण्यानं इतकं बरं वाटलं की मी हसले, आणि आपण हसतोय हे कळल्यावर मला रडू आलं. आईला मुलीच्या किंचाळण्याचा आनंद होतो, हे कुणाला सांगणार.

पंप थांबला. मॉर्फिन वाढलं. "कुठे दुखतंय, बाळा? इथे, की इथे? दहापैकी किती?" सिस्टर तिच्या पोटाजवळ वाकून, हात न लावता, विचारत होत्या. घाई नव्हती त्यांना. मुलगी हुंदके देत नीट सांगत होती. इथे जास्त. इथे कमी. आठ. नाही, सात.

ती झोपली तेव्हा बाबा खोलीत नव्हते. बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मला वाटलं दमले असतील. मी शेजारी जाऊन बसले. समोरून जेवणाची ट्रॉली गेली, एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती.

"किती निवांत इचारता ती," बाबा म्हणाले. "खंय दुखता. किती दुखता. आमका असा कोणी इचारलाच नाय गो. एकदाय."

मालकांनी विचारलं नाही, सरकारनं विचारलं नाही, हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. पण त्यात मीही होते, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आयुष्यभर त्यांचे ओठ वाचत आले आणि हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. ते काही नाही म्हणायचे, मी बरं म्हणायची.

मी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसले, त्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी, आणि विचारलं, "बाबा, तुमचं कुठे दुखतं?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं, कळलं नाही. मी पुन्हा विचारणार होते. मग त्यांनी डावा हात उचलून उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथून सांगायला सुरुवात केली.